ढग तर सगळेच काढतात

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पुण्याच्या आत्याने फोनवर दोनदा विचारलं, "काय गं, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नव्हतं. पण एक गोष्ट डोक्यात अडकून बसली होती आणि ती बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही लिहवेना. गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे, म्हणून टाळत होते. आज लिहूनच टाकते.

इथे नव्याने येणाऱ्यांसाठी सांगते, मी नाशिकच्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांना फोटोग्राफी शिकवते. आठवड्याला तीन तास, चौदा मुलं, शाळेचे दोन कॅमेरे आणि बाकी ज्याचा त्याचा मोबाइल. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एका विषयावरचे बारा फोटो द्यायचे असतात. अ‍ॅपर्चर, शटर, प्रकाश हे शिकवणं तसं सोपं आहे हो. खरा घोळ सुरू होतो तो विषय निवडायची वेळ आली की. "मॅडम, काही सुचत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी वर्गात तोंड उघडलं तरी मला तेच ऐकू येतं. आणि ज्यांना सुचतं त्यांना सगळ्यांना एकच सुचतं. रामकुंडावरची सकाळ, जटा वाढवलेला साधू, द्राक्षाच्या घडावरचं दव. दरवर्षी. साधूंनाही आता आमची मुलं ओळखू यायला लागली असतील.

तर गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन टेबलाशी आला. शांत मुलगा, शेवटच्या बाकावरचा. विषय काय, तर ढग. घराच्या गच्चीवरून काढलेले चाळीसेक फोटो. मी अंगठ्याने भराभर सरकवत त्यातले आठ-दहा पाहिले असतील. आणि म्हणाले, "ढग तर सगळेच काढतात रे. काहीतरी नवीन आण."

आवाज चढवला नव्हता. सहज बोलले. मागे सहा मुलं रांगेत उभी होती, तास संपायला दहा मिनिटं होती. तो "हो मॅडम" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्याने मला एकही फोटो दाखवला नाही. विचारलं की मान खाली घालून तेच, "सुचत नाही."

दिवाळीच्या सुट्टीत पुढच्या सत्राची तयारी करत होते. छायाचित्रणाच्या इतिहासावर दोन तास घ्यायचे असतात, त्यात आल्फ्रेड स्टीग्लिट्झ आलाच. त्याच्यावरची जुनी टिपणं काढली, चहा घेतला, वाचायला लागले आणि दुसऱ्याच पानावर कानशिलं गरम झाली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. वर्षानुवर्षं शिकवतेय की! तेच जास्त लागलं.

आधी ढगांविषयी. ढगांचा फोटो काढणं ही एकेकाळी फार कठीण गोष्ट होती. सुरुवातीच्या काळातल्या प्लेटा निळ्या प्रकाशाला भलत्याच संवेदनशील. जमीन किंवा पाणी नीट यावं इतका वेळ प्रकाश दिला की वरचं आकाश पांढरंफटक. म्हणून त्या काळच्या इतक्या फोटोंत आकाशाच्या जागी नुसता कोरा कागद दिसतो. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढत होता. त्याने काही चित्रांसाठी युक्ती केली, समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापायच्या. त्याचं एकच आकाश दोन वेगळ्या समुद्रांवर सापडतं म्हणे. आमच्या मुलांना हे सांगितलं की ती फार खूश होतात. त्यांना वाटतं मोबाइलवर आकाश बदलणं हा आपल्याच पिढीचा शोध.

पुढे १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान व्होगेल या रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं की प्लेटच्या मसाल्यात विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर तिला निळ्यापलीकडचंही दिसायला लागतं. हिरवं, मग पिवळं. तिथून हळूहळू आकाश फोटोत यायला लागलं. आणि या व्होगेलच्या वर्गात १८८० च्या दशकात एक अमेरिकन पोरगा बसायचा. आला होता इंजिनिअरिंग शिकायला, रमला अंधाऱ्या खोलीत. हाच स्टीग्लिट्झ. व्होगेलने वर्गाला एक धडा दिला होता. पांढऱ्या प्लॅस्टरचा अपोलोचा पुतळा, त्याला काळी मखमल, आणि दोघांचा एकाच फोटोत नीट पोत आला पाहिजे. बाकीच्यांनी ते कधीच उरकलं. हा मात्र कित्येक आठवडे तेच करत बसला, असं तो पुढे सांगायचा. पांढरं साधलं की काळं बुडायचं, काळं साधलं की पांढरं फुटायचं. मला या गोष्टीत स्टीग्लिट्झपेक्षा व्होगेलचंच जास्त कौतुक वाटतं. गुरूने त्याला बसू दिलं. "झालं ना, आता पुढचा विषय घे," म्हणून उठवलं नाही. (मी उठवलं असतं. अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?)

आता ढगांवर येते. १९२२ चा उन्हाळा. स्टीग्लिट्झ ५८ वर्षांचा. न्यूयॉर्कमधली त्याची गाजलेली गॅलरी पाच वर्षांपूर्वी बंद झालेली, 'कॅमेरा वर्क' हे त्याचं मासिकही. लेक जॉर्जच्या घरी त्याची आई मरणपंथाला लागली होती. अशात एका लेखक मित्राने लिहिलं की याच्या फोटोंतली ताकद समोर बसलेल्या माणसांवर हा जी मोहिनी घालतो तिच्यातून येते. स्टीग्लिट्झ चिडला. ज्याच्यावर मोहिनी घालताच येत नाही असं काहीतरी काढून दाखवतो, म्हणाला, आणि कॅमेरा वर केला. ढग सगळ्यांसाठी आहेत, त्यांच्यावर अजून कर बसलेला नाही, अशा अर्थाचं त्याने पुढच्याच वर्षी एका लेखात लिहिलं.

म्हणजे त्याने ढग घेतले ते ते 'सगळेच काढतात' म्हणूनच! विषयाच्या नवलाईची कुबडीच नको होती त्याला.

आणि त्याच लेखात तो असंही सांगतो की पस्तीसेक वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, स्वित्झर्लंडमध्ये नव्या प्लेटांवर प्रयोग करताना ढग त्याच्या डोक्यात शिरले होते. म्हणजे ही कल्पना १९२२ मध्ये सुचलेली नव्हतीच. ती जुनी होती, मध्ये इतकी वर्षं पडून होती. त्या उन्हाळ्यानंतर त्याने दहा-बारा वर्षं ढग काढले. पहिल्या फोटोंत खाली डोंगर, झाडं असं काहीतरी आहे. मग हातात धरायचा कॅमेरा घेतला आणि जमीन हळूहळू फोटोतून गेलीच. वर कुठलं, खाली कुठलं, कळेना. नावं बदलली, आधी 'संगीत', मग 'आकाशाची गाणी', आणि शेवटी नुसतं 'समतुल्य'. दोनशेहून अधिक चित्रं आहेत ती.

जाता जाता एक, आपल्याकडच्या वाचकांसाठी. अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांनी फोटोंना दारात उभं करायची तयारी नव्हती तेव्हा, १९२४ मध्ये, बॉस्टनच्या संग्रहालयाने स्टीग्लिट्झचे २७ फोटो घेतले. त्यामागे होते तिथे भारतीय कलेचं दालन सांभाळणारे आनंद कुमारस्वामी. हो, तेच, नटराजावर लिहिणारे.

असो. मी टिपणं बाजूला ठेवली. ५८ वर्षांच्या नावाजलेल्या माणसाने केलं की ते इतिहासात, आणि १६ वर्षांच्या पोराने केलं की "सगळेच काढतात". त्याच्या चाळीस फोटोंत काही होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी ते पाहिलेच नव्हते. 

मग सुट्टीभर एकच शोधत बसले. ज्यांनी हा विषय शिकवला, वर्गात उभं राहून, हजेरी घेऊन शिकवला, ते "सुचत नाही" ला काय उत्तर देत होते? 

पुन्हा पुन्हा शिकागोपाशी येऊन थांबत होते. जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये शिकवलेला हंगेरियन चित्रकार लास्लो मोहोली-नॉज याने १९३७ मध्ये तिथे 'न्यू बाउहाउस' काढलं. वर्षभरात ते पैशाअभावी बंद पडलं. त्याने पुन्हा उभं केलं, आणि १९४४ पासून ते 'इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन' झालं. तिथे नव्या मुलांना जे पहिले धडे मिळत त्यांतला एक म्हणजे पांढरा कागद. कागद कापायचा, वळवायचा, दुमडायचा, त्याच्यावर प्रकाश टाकायचा आणि प्रकाश त्याच्यावर कसा पडतो, वळतो, विझतो त्याचे फोटो. विषय नाही, कथा नाही, सुचण्याचा प्रश्नच नाही. समोर कागद आहे, बघ.

मोहोली-नॉज १९४६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याच वर्षी तिथे शिकवायला हॅरी कॅलॅहन आला. हा माणूस मला अतिशय आवडतो. कॉलेज अर्धवट सोडलेलं, मोटार कंपनीत नोकरी, २६ व्या वर्षी हौस म्हणून कॅमेरा घेतला. बोलण्याचं अंग अजिबात नाही. फोटोबद्दल चार वाक्यं सलग बोलणं त्याला जड जायचं, आणि असा माणूस शिक्षक! तो बोलायचा कमी आणि काम द्यायचा. अमुक काढून आणा. दोन एक्स्पोजर एकावर एक घेऊन बघा. स्वतः रोज सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडायचा आणि दुपारी प्रिंट काढायचा. विषय तरी किती? बायको एलिनॉर, मुलगी बार्बरा, शहरातली रस्त्यावरची माणसं, बर्फातून वर आलेलं गवत, तळं. आयुष्यभर तेच. १९५० मध्ये स्टेट स्ट्रीटवरून जाणाऱ्या, आपल्याच विचारांत हरवलेल्या बायकांचे चेहरे त्याने टिपले, लांब पल्ल्याची लेन्स आधीच चारेक फुटांवर फोकस करून ठेवायची आणि चालत राहायचं. १९९९ मध्ये तो गेला तेव्हा मागे सुमारे एक लाख निगेटिव्ह होत्या. आणि त्याचा स्वतःचा हिशेब काय, तर वर्षाला जेमतेम सहा फोटो खरे जमतात! हे मी आमच्या मुलांना फळ्यावर लिहून दाखवलं. एकाने लगेच मोबाइलच्या गॅलरीतला आकडा पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, मग माझा अर्धा सुद्धा जमला नसेल."

१९५१ मध्ये कॅलॅहनने आपल्या सोबतीला आरन सिस्किंडला बोलावलं. सिस्किंड चक्क शाळामास्तर. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत वीसहून अधिक वर्षं इंग्रजी शिकवलेला. १९३० मध्ये लग्नाची भेट म्हणून कॅमेरा मिळाला, तिथून सुरुवात. तीसच्या दशकात त्याने तरुणांचा एक गट जमवून हार्लेम वस्तीच्या जीवनावर मोठं काम केलं. नाव झालं होतं. मग ते वाळलं. गटाशी बिनसलं, आणि ज्या तऱ्हेचे फोटो येत होते ते त्याला स्वतःलाच पुरेसे वाटेनात. मास्तर माणूस, उन्हाळ्याची सुट्टी एवढाच त्याचा मोकळा वेळ. १९४० च्या दशकातल्या अशा सुट्ट्यांत तो समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिला आणि धक्क्यावरच्या फेकलेल्या वस्तू काढायला लागला. हातमोजा, दोरखंडाची वेटोळी, समुद्राने आणून टाकलेलं शेवाळ, भिंतीवरचा पोपडे धरलेला रंग. अगदी जवळ जाऊन, चपटं, मागचंपुढचं काही न दाखवता. त्याच्या जुन्या मित्रांना हा वाया गेला असंच वाटलं. आज त्याचं नाव निघतं ते बहुतेक त्या पोपड्यांसाठी.

हे दोघे शिकागोत मिळून शिकवत तेव्हा वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला शेवटी एक मोठी मालिका द्यावी लागे, एका विषयावर, महिनोन् महिने राहून. रे मेट्झकरने १९५९ मध्ये शिकागोच्या मध्यवर्ती भागावर, तिथले लोक ज्याला 'लूप' म्हणतात त्याच्यावर, अशी मालिका केली. म्हणजे नाशिकच्या मुलाने मेन रोड घ्यावा तसंच झालं. घेऊ दिला त्याला.

एवढं लांब शिकागोला जाऊन आल्यावर मला एक जवळचा माणूस आठवला. आमच्या शाळेपासून त्र्यंबकला बसने तासाभरात जाता येतं, आणि तिथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. दादासाहेबांनी जे.जे.त, मग बडोद्याच्या कलाभवनात शिकून फोटोग्राफी आणि छपाईच्या कला अंगी बाणवल्या. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा मागवून आणला, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज एक फ्रेम. महिनाभराहून जास्त. पडद्यावर मिनिटाच्या आसपास चालणारी 'अंकुराची वाढ'. ती पाहून लोकांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. हे सगळं शाळेच्या पुस्तकात दीड ओळीत असतं. मला नेहमी वाटतं, विसाव्या-बाविसाव्या दिवशी त्या कुंडीपुढे उभं राहताना काय वाटलं असेल? कालच्यापेक्षा काहीही वेगळं न दिसणारा वाटाणा, डोक्यावर कर्ज, आणि तरी आजची फ्रेम.

दिवाळीनंतर वर्गात गेले ती ड्रॉइंगच्या कागदांचा गठ्ठा घेऊनच. ज्याला सुचत नाही त्याने एक कागद घ्यायचा, खिडकीशी बसायचं, आणि फक्त त्या कागदाचे तीस फोटो. फ्रेममध्ये दुसरं काही नको. पहिले दहा सगळ्यांचे सारखे आले. मग कंटाळा. पंधराव्याच्या आसपास पोरं चिडायला लागली, आणि तिथून पुढे गंमत सुरू झाली. एकीने कर्कटकाने कागदाला भोकं पाडून उन्हात धरला. एकाने कडेवरून इतक्या जवळून काढला की मला आधी तो डोंगराचा कडाच वाटला. एकाने चुरगाळून टाकला आणि तो चुरगळा काढला, आणि तो त्याचा सगळ्यात चांगला फोटो होता हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला. दोघांना शेवटपर्यंत कंटाळाच आला, हेही सांगायला हवं.

विषय निवडण्यासाठीही नियम बदलला. घरापासून दोनशे पावलांच्या आतलं काहीही घ्या, पंधरा वेगवेगळ्या दिवशी तिथे जा. आणि माझ्यासाठी एक नियम: चाळीस फोटो नीट पाहून होईपर्यंत मी हो किंवा नाही म्हणायचं नाही. हा पाळायला फार जड जातो. जीभ चावून बसावं लागतं.

त्या मुलाची माफीही मागितली. सगळ्या वर्गासमोर, स्टीग्लिट्झची गोष्ट सांगून झाल्यावर. "मी तुझे ढग न बघता परत पाठवले, चुकलं माझं." मला वाटलं मोठं काम केलं. पण तेरा माना एकदम त्याच्याकडे वळल्या आणि तो लालबुंद झाला. एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. एक चूक निस्तरताना दुसरी.

त्याने शेवटी विषय दिला 'जिना'. त्याच्या इमारतीतल्या प्रत्येक दारासमोरच्या चपला-बूट. बारा फोटो, वेळेवर, नीटनेटके. पाचव्या मजल्यावरच्या काठी आणि एकाच चपलेचा फोटो तर खरंच चांगला होता. मार्कही चांगले मिळाले. ढगांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

मार्चमध्ये पालकांची सभा होती. त्याची आई आली. मार्कांचं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच जरा सांगा त्याला. रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन गच्चीवर जातो ते अंधार पडेपर्यंत खाली येत नाही. ढगांचे फोटो काढतो म्हणे. आता मार्चमध्ये कुठले आलेत ढग?"

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बाकीची मुलं जायची वाट पाहिली. मग त्याला म्हटलं, "सगळे दाखवशील का? मला वेळ आहे."

त्याने दप्तर खांद्यावर चढवलं.

"अजून झाले नाहीत, मॅडम," म्हणाला. "जूनमध्ये परत सुरू होतील."